साठ गोळ्या आणि हजार वर्षं

अपस्मार हा भुताखेतांचा खेळ नसून मेंदूचा आजार आहे, हे सत्य आमच्या देशाने हजार वर्षांपूर्वी जगाला शिकवलं; आणि तेव्हापासून या आजाराची लाज बाळगणारा एकही सुशिक्षित माणूस या भूमीत उरलेला नाही.

हे वाक्य इराणमधल्या हमदान शहराचे निवृत्त इतिहास-शिक्षक मनूचेहर रस्तगार यांनी गुरुवारी सकाळी सुवाच्य अक्षरात लिहिलं, दोनदा मोठ्याने वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि मुलीच्या फेफऱ्याच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरायला ते स्वयंपाकघरात गेले.

बाटली जर्मनीची होती. सहा वर्षांपूर्वी मेव्हण्याने पाठवलेली. आतली व्हिटॅमिनं कधीच संपली होती, पण लेबल अजून धडधाकट होतं. दर महिन्याला मनूचेहर औषधाच्या दुकानातून पाकीट आणत, गोळ्या एकेक करून बाटलीत सोडत आणि रिकामं पाकीट बारीक फाडून दोन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकत. या वेळी गोळ्या मिळायला तीन आठवडे लागले होते. परदेशी औषध, त्यात निर्बंध. आज येईल, उद्या येईल करत मंगळवारी एकदाच्या साठ गोळ्या हाती आल्या होत्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. महिन्याची बेगमी.

मुलगी शहरनाज, वय सत्तावीस. चौदाव्या वर्षी शाळेच्या मैदानावर ती पहिल्यांदा पडली, त्या दिवसापासून घरात त्या आजाराचं खरं नाव घ्यायला बंदी होती. नातेवाइकांना सांगायचं अर्धशिशी, शेजाऱ्यांना सांगायचं रक्तदाब कमी होतो, शाळेला सांगायचं अभ्यासाचा ताण. कुणाला काय सांगितलंय हे मनूचेहर यांना पाठ होतं. त्यांची बायको मुनीर खानम मात्र गोंधळायच्या, त्यामुळे एका नणंदेच्या हिशेबी पोरीला तिन्ही दुखणी होती. नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून तीन वर्षांत शहरनाजला एकदाही फिट आली नव्हती. एका कारखान्यात ती मातीच्या वाडग्यांवर निळे पक्षी रंगवायची आणि तिचा हात कधी हलत नसे.

गुरुवारी संध्याकाळी तिला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा सियामक, पाणीपुरवठा खात्यात अभियंता. आमच्याकडे मुलाकडचे लोक दारात येण्याआधी गल्लीत चौकशी करून जातात. भाजीवाल्याला विचारतात, भट्टीवाल्याला विचारतात. म्हणून गेले पंधरा दिवस मनूचेहर भट्टीवाल्या उस्ता सफरला दिवसातून दोनदा सलाम करत होते आणि गरज नसताना रोट्या आणत होते. घरात शिळ्या रोट्यांचा ढीग साठला होता.

आणि सोमवारी नगरभवनात डॉक्टरांची सभा होती. तिथे मनूचेहर भाषण करणार होते. विषय होता, आपल्या देशातील अपस्माराच्या उपचारांचा इतिहास. शहरात एवढे वाचलेले तेच एकटे, म्हणून सगळ्यांनी त्यांनाच गळ घातली होती. इतका दांडगा अभ्यास त्यांनी का केला असेल, हे कुणी विचारलं नाही.

पाहुणे आले. मुलगा गप्प होता. मुलाची आई फखरी खानम मात्र दोघांचं बोलत होत्या. चहा झाला, कोमाजचा गोड पाव झाला, हवा यंदा लवकर गारठली हे तीनदा बोलून झालं. फखरी खानम हात धुवायला आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या.

"अगं बाई! मुनीर जान, या जर्मनीच्या गोळ्या ना? माझ्या बहिणीने खाल्ल्या होत्या, दोन महिन्यांत जिने चढायला लागली! इथे तर डोळ्यांना दिसत नाहीत, आणि माझे गुडघे रोज रडतात."

त्या बाटली हातात घेऊनच बैठकीत आल्या.

आमच्याकडची रीत अशी की पाहुण्याने वस्तूची तारीफ केली, की यजमानाने म्हणायचं, ही तुमचीच. पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं. वस्तू जागची हलत नाही आणि दोघांचीही इभ्रत वाढते. या रीतीवर अख्खा देश चालतो आणि तिच्यापायी आजवर कुणाचा गालिचा गेलेला नाही.

"तुमचीच आहे ती," मनूचेहर म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं ते.

"छे छे, नको हो."

"असं कसं? घ्याच. तुमच्यापुढे काय किंमत तिची!"

"नको, तुम्हालाच लागेल."

इथे थांबता आलं असतं. पण मनूचेहर यांच्या मनात आलं, इथे थांबलो तर ही म्हणेल, चार व्हिटॅमिनच्या गोळ्यांसाठी हा माणूस एवढा का कचरतोय? यात काहीतरी आहे! म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवून तिसऱ्यांदा आग्रह केला. जरा जास्तच मनापासून केला.

"तुमच्या जीवाची शपथ, नेली नाहीत तर मला राग येईल."

"आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..." फखरी खानम म्हणाल्या. गुडघेदुखीपुढे रीत कुठवर टिकणार? बाटली पर्समध्ये गेली. पर्सची कळ खटकन लागली.

मुनीर खानमना ठसका लागला. शहरनाज चहाचं तबक घेऊन दारात उभी होती. तिने आपलं औषध पाहुणीच्या पर्समध्ये जाताना पाहिलं आणि साखरेचे खडे पुढे केले.

पाहुणे गेल्यावर शहरनाजने आपली गोळ्यांची डबी उघडून पाहिली.

"डबीत काढून ठेवलेल्या उद्याच्या दोन आहेत," शहरनाज म्हणाली. "पुढे काय?"

"उद्या शुक्रवारची सुट्टी. शनिवारी दुकान उघडेल. मिळतील."

"तीन आठवडे मिळत नव्हत्या बाबा. मी फोन करते त्यांना. सांगते, चुकून माझं औषध गेलं."

"खबरदार! कसलं औषध, असं विचारलं तर?"

"तर सांगेन कसलं ते."

"शहरनाज! या घराला काही अब्रू आहे."

तिने कपबश्या गोळा केल्या. जाता जाता म्हणाली, "बाबा, गोळ्या माझ्या आहेत. लाज तुमची आहे. तुमची लाज वाचवायला माझ्या गोळ्या का गेल्या?"

मनूचेहर आपल्या टेबलाशी जाऊन बसले आणि पान नऊ लिहायला घेतलं: जुन्या काळी अज्ञानी लोक रुग्णाच्या गळ्यात मुळी बांधत, त्याच्याभोवती लोखंडाने रिंगण काढत.

शनिवारी सकाळी सात वाजल्यापासून ते बंद दुकानापुढे उभे होते. दुकान डॉक्टर तलअत यांचं. सत्तरीची बाई, चष्मा दोरीला बांधलेला, वडिलांच्या वेळचं दुकान एकटी चालवणारी. मनूचेहर यांना त्या पोरवयापासून ओळखत होत्या आणि अजून पोरासारखंच बोलत होत्या.

"मंगळवारी साठ दिल्या. आज शनिवार. पोरगी काय फुटाण्यासारख्या खाते?"

"हरवल्या."

"साठच्या साठ?"

"बाटलीसकट."

"कुठे हरवल्या, काही अंदाज?"

मनूचेहर यांनी जमिनीकडे पाहिलं. "बूअलीच्या चौकाजवळ. तिसरा मजला. डावीकडचं दार."

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर तलअत ऐकत होत्या आणि चष्मा पुसत होत्या. एकच काच त्यांनी चारदा पुसली.

"म्हणजे एक धडधाकट बाई फेफऱ्याच्या गोळ्या गिळतेय आणि जिला हव्यात ती उपाशी बसलीय. वा! मनूचेहर, हे औषध असं तडकाफडकी तोडायचं नसतं, डॉक्टरांनी शंभरदा सांगितलंय. पोर पडेल. आणि ती बाई गुंगीत जिन्यावरून पडेल ती वेगळीच. माझ्याकडे बुधवारपर्यंत एक गोळी नाही. जा, आत्ता जा आणि घेऊन ये."

"काय सांगून मागू?"

"खरं सांगून! भाषण किती पानांचं आहे तुझं?"

"चौदा."

"त्यात हजार वर्षांपूर्वीचा तो हकीम बूअली असणारच."

"पहिल्याच ओळीत. त्याने जगात पहिल्यांदा..."

"पहिल्यांदा नाही, ग्रीकांनी त्याआधी सांगितलं होतं. पण ते जाऊ दे." त्यांनी फळीवर बोट आपटलं. "माझ्या वडिलांच्या काळी लोकांना ब्रोमाइड द्यायचे. माणसं दिवसभर झोपेत चालायची. फिट यायच्या म्हणून लोकांना वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. मग बऱ्या गोळ्या आल्या, मेंदूचा आलेख काढायची यंत्रं आली. किती जणांची आयुष्यं खर्ची पडली असतील त्यात! डोंगर ओलांडून, समुद्र ओलांडून, निर्बंध ओलांडून ती गोळी हमदानपर्यंत आली. आणि अडली कुठे? तुझ्या बैठकीच्या खोलीत! शेवटची चार पावलं राहिली होती रे. ती तुला चालवेनात."

मनूचेहर यांचे कान तापले. "आजच जातो," ते म्हणाले.

गेले नाहीत. घरी येऊन त्यांनी फोन केला. फोनवर दहा मिनिटं एकमेकांची खुशाली चालली. मग फखरी खानमच म्हणाल्या, "आगा, तुमच्या त्या गोळ्या! काय सांगू, सकाळी एक, संध्याकाळी एक घेते. अंग कसं पिसासारखं हलकं! काल दुपारी बारापर्यंत झोपले. रश्शात मिठाऐवजी साखर घातली म्हणून सियामक हसतोय."

मनूचेहर यांनी तोंड उघडलं. मुनीर खानम समोर 'बोलू नका' म्हणून हात जोडून उभ्या होत्या.

"अंगी लागो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी शहरनाज रोट्या आणायला निघाली, तेव्हा लक्ष ठेवायला म्हणून तेही सोबत गेले. तिची कालपासूनची एकही गोळी पोटात गेली नव्हती. भट्टीपुढे आठ-दहा माणसांची रांग होती. उस्ता सफर भट्टीतल्या तापलेल्या खड्यांवर रोट्या टाकत होता. शहरनाज काहीतरी सांगत होती, कारखान्यातल्या वाडग्यांबद्दल, आणि वाक्याच्या मध्येच थांबली. तिची मान एका बाजूला वळली. ती पडली.

रांग मोडली. कुणीतरी तिच्या मुठीत किल्ल्या कोंबल्या. उस्ता सफर रोट्या काढायची लांब लोखंडी सळई घेऊन धावत आला आणि "बिस्मिल्ला" म्हणत त्याने तिच्याभोवती फरशीवर रिंगण ओढलं. पान नऊ जसंच्या तसं. आणि अपस्माराच्या हजार वर्षांच्या इतिहासाचे जाणकार मनूचेहर रस्तगार यांनी काय केलं?

त्यांनी अंगातला कोट काढला. वाचकहो, डोक्याखाली ठेवायला नाही! त्यांनी तो मुलीच्या चेहऱ्यावर टाकला. कुणी ओळखू नये म्हणून.

समोरच्या दुकानातून डॉक्टर तलअत चष्मा हेलकावत आल्या. "काढ तो कोट! काढ! तिचा श्वास कोंडेल! मेलेली समजलास की काय पोरीला?" त्यांनी स्वतःच कोट ओढला, त्याची घडी डोक्याखाली सरकवली, शहरनाजला कुशीवर वळवलं आणि मनगटावरचं घड्याळ पाहत बसल्या. "तोंडात काही घालू नका कुणी. हात दाबू नका. किल्ल्या घ्या काढून. थांबेल आपोआप."

दोन मिनिटांनी थांबलं. मनूचेहर अजून उभेच होते. थंडीत, शर्टावर.

"उस्ताने रेघ मारली ती भुतापासून पोरीला वाचवायला," तलअत हळू आवाजात म्हणाल्या. "अडाणीपणा असेल, पण तिच्यासाठी होता. तू कोट टाकलास तो कुणाला वाचवायला?"

उस्ता सफर सळई मागे लपवत पुढे आला. "चुकलंच माझं. गेल्या वेळी या डॉक्टर खानमनी दाखवलं होतं कुशीवर वळवायचं. ऐन वेळी डोकं चाललं नाही."

"गेल्या वेळी?" मनूचेहर म्हणाले.

"तीन-साडेतीन वर्षं झाली. इथेच. अहो आगा, गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुमच्यासमोर कुणी काढत नाही."

तेरा वर्षं! तेरा वर्षं मनूचेहर गल्लीपासून गुपित लपवत होते, आणि गल्ली, ते फुटलंय हे गुपित, त्यांच्यापासून.

"आणि चौकशीला लोक आले होते ना?" त्यांनी कसंबसं विचारलं. "त्यांना काय सांगितलंस?"

"म्हटलं, मुलगी सोनं आहे. बाप जरा विक्षिप्त आहे, गरजेपेक्षा जास्त रोट्या नेतो."

शहरनाजने डोळे उघडले. तिला आधी काही कळेना. मग बापाचा चेहरा दिसला आणि ती पुटपुटली, "सॉरी बाबा."

मनूचेहर तिथेच पिठाच्या गोणीवर बसले. माफी कोण मागतंय! आयुष्यात त्यांना पुष्कळ गोष्टींची लाज वाटली होती, पण ती सगळी लोकांची होती. ही पहिली त्यांची स्वतःची होती.

तासाभराने ते बूअलीच्या चौकाजवळच्या तिसऱ्या मजल्यावर डाव्या दारापुढे उभे होते. फखरी खानमनी दार उघडलं आणि चौकटीला धरूनच उभ्या राहिल्या.

"या या, आगा! पायधूळ झाडलीत. बसा, चहा..."

"बसत नाही. माझ्या मुलीला अपस्मार आहे. फेफरं. चौदाव्या वर्षापासून." हे वाक्य त्यांनी घराबाहेर पहिल्यांदा उच्चारलं. ते फार लांब नव्हतं. "त्या बाटलीत तिच्या गोळ्या आहेत. व्हिटॅमिन नाहीत. मी खोटं बोललो. आज ती रस्त्यात पडली, ती माझ्यामुळे. तुम्हालाही चक्कर येत असेल, तीही माझ्यामुळेच. आता एकही घेऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा, खर्च माझा."

फखरी खानम पांढऱ्या पडल्या. "बाई गं! म्हणजे आता मलाही फेफरं येणार?"

"नाही. गोळीने होत नाही, हात लावल्याने होत नाही, नजरेने होत नाही."

"मी दोन जावेलाही दिल्या हो."

"त्यांनाही सांगा."

त्या आत गेल्या आणि भिंतीला हात लावत परत आल्या. बाटली त्यांच्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "आजाराचं एक असो. पण मी गिळत होते, आणि तुम्ही फोनवर म्हणालात, अंगी लागो."

"म्हणालो."

"सियामकला विचारून कळवते."

'कळवते'चा अर्थ हमदानमध्ये लहान मुलालाही समजतो. मनूचेहर यांनी मान लववली आणि जिना उतरले. हट्टाने सोबत आलेली शहरनाज खाली थांबली होती; तिने चौकातच त्यांच्यासमोर गोळी घेतली, बाटलीवरचं लेबल नखाने सोलून काढलं आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

सोमवारी नगरभवनात मनूचेहर उभे राहिले. पुढे डॉक्टर होते, मागे शहरातली चार प्रतिष्ठित मंडळी. शहरनाज दुसऱ्या रांगेत बसली होती, 'यायचं का?' असं त्यांनी तिला विचारलं होतं आणि ती 'हो' म्हणाली होती. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं. जगाला शिकवलं, इथवर वाचलं. पुढे त्यांना जाववेना.

"यापुढचं खोटं आहे," ते म्हणाले. "लाज बाळगणारा एकही सुशिक्षित माणूस उरला नाही, असं मी लिहिलंय. एक उरला आहे. तो तुमच्यापुढे उभा आहे."

सभागृहात कुणीतरी खोकलं. मग त्यांनी बाटलीची गोष्ट सांगितली. कोटाचीसुद्धा. कोटाची सांगताना मध्येच थांबून पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितली, कारण मधलं एक वाक्य त्यांनी सोयीने गाळलं होतं.

"नागरिकहो," शेवटी ते म्हणाले, "आपल्या पूर्वजांनी या आजाराबद्दल काय लिहिलं, याचा अभिमान बाळगणं सोपं आहे, त्याला काही धाडस लागत नाही. पण औषध दुकानातून आणलं म्हणजे उपचार झाला असं नाही. आजारी माणूस आपला आजार चारचौघांत निर्धास्तपणे सांगू शकला, म्हणजे उपचार झाला. आजार लपवल्याने अब्रू वाचत नाही, फक्त मदतीला धावणारे हात लांब राहतात. लाज वाटायचीच असेल तर आजाराची वाटू देऊ नका. लपवण्याची वाटू द्या. मला वाटते आहे."

टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून मनूचेहर यांच्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माझा धाकटा भाऊ. आम्ही अर्धशिशी सांगतो." मग थोडं थांबून, जरा मोठ्याने, त्यांनी खरं नाव घेतलं. डॉक्टर तलअत चष्मा लावून खिडकीबाहेर पाहत होत्या.

परतताना बापलेक आणि मुनीर खानम, तिघं पायीच निघाले. अल्वंदच्या डोंगरावर बर्फ दिसायला लागलं होतं. मनूचेहर शहरनाजच्या बाजूने चालत होते.

"पोरी, स्थळ गेलं ते माझ्या वागण्यामुळे. तुझ्या आजारामुळे नाही. हे कायम लक्षात ठेव. आणि जमलं तर मला माफ कर."

"कुठलं स्थळ?" शहरनाज म्हणाली.

"सियामकचं."

"त्याला मी गुरुवारीच नाही म्हणून आईला सांगितलं होतं. कपबश्या विसळताना."

मनूचेहर यांनी बायकोकडे पाहिलं.

"सांगितलं होतं तिने," मुनीर खानम म्हणाल्या. "तुम्ही भाषण लिहीत बसला होतात."

मुलगा तिला आवडला नव्हता.